आधी कपाटाची किल्ली शोधा: गावच्या वाचनालयानं बाबासाहेबांचं स्मरण कसं करावं

बाणकोट खाडीच्या काठावर, मंडणगड तालुक्यात आमचं वाचनालय आहे. सरकारी प्रतवारीत ‘क’ वर्ग, दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. चौदा वर्षं मी तिथे ग्रंथपाल आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं मी आंबेडकर जयंती एकाच साच्यात केली. टेबलावर पांढरी चादर, त्यावर बाबासाहेबांची तसबीर, झेंडूचा हार, दोन उदबत्त्या. मग पाहुण्यांचं मनोगत, चहा-बिस्किटं आणि फोटो. फोटो अहवालाला जोडला की त्या वर्षीची जयंती संपली.

दहाव्या वर्षी कार्यक्रम उरकल्यावर बौद्धवाडीतली एक मुलगी पायरीशी उभी होती. बारावीला असावी. आत आली नाही. पायरीवरूनच म्हणाली, “ताई, बाबासाहेबांचं पुस्तक न्यायला मिळेल काय? त्यांच्यावरचं नको, त्यांनी लिहिलेलं.” पुस्तकं होती. तसबिरीच्या बरोबर मागे, काचेच्या कपाटात, खंडच्या खंड, कोरे करकरीत. पण कपाटाला कुलूप होतं, किल्ली समितीतल्या एका गृहस्थांकडे होती आणि ते गृहस्थ मुलाकडे बोरिवलीला गेले होते. मी तिला सोमवारी यायला सांगितलं. सोमवारी ती आली नाही. त्यानंतरच्या सोमवारीही नाही.

त्या दिवसानंतर आमच्याकडे जे जे बदललं ते इथे लिहिते आहे. छोट्या वाचनालयात एकट्यानं काम करणाऱ्या ग्रंथपालांना यातलं बरंचसं पैशांशिवाय करता येईल. मी स्वतः बौद्धवाडीतली नाही. हे सगळं मी उशिरा शिकले आणि लोकांच्या ओटीवर बसून शिकले.

किल्ली

जयंतीच्या तयारीला लागण्याआधी एक काम करा. तुमच्या वाचनालयात बाबासाहेबांची पुस्तकं कुठे आहेत ते उठून बघा. बहुतेक ठिकाणी ती ‘मौल्यवान ग्रंथ’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून बंद कपाटात असतात. खंड जाड आहेत, संच फुटला तर पुन्हा मिळायचा नाही, ही काळजी खोटी नाही. पण संच पूर्ण राहिला आणि कुणी एक पान उलटलं नाही, तर तो आपण कुणासाठी सांभाळतोय?

पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारीख-पट्टी काढून बघा. आमच्या पहिल्या खंडाची पट्टी कोरी होती. दाखल नोंदवहीत त्याची तारीख वीस वर्षांपूर्वीची आणि पट्टीवर एकही शिक्का नाही. ती पट्टी मी समितीच्या सभेत टेबलावर ठेवली. मला भाषण करता येत नाही, पण त्या पट्टीनंतर कुणी वाद घातला नाही. ठराव झाला की बाबासाहेबांचं सर्व लेखन मुक्तद्वार फळीवर, म्हणजे वाचकाला स्वतः हातात घेता येईल असं राहील आणि इतर पुस्तकांसारखंच देवघेवीत जाईल. तुम्हीही तोंडी परवानगीवर थांबू नका. ठराव इतिवृत्तात घ्या. समिती बदलते, इतिवृत्त राहतं.

सभासदांची वही वाडीवार वाचा

कपाट उघडलं आणि मला वाटलं काम झालं. दोन महिने गेले तरी खंड फळीवरून हलले नाहीत. तेव्हा मी सभासदांची वही घेऊन बसले आणि पत्त्यांवरून वाडीवार खुणा करत गेले. दोनशेच्या आसपास सभासद. ब्राह्मणआळी, भंडारवाडी, कुणबीवाडी, बाजारपेठ अशी नावं भरभरून. कोळीवाड्यातली थोडी, मोहल्ल्यातली थोडी. बौद्धवाडीतली चार, त्यातले दोघे नोकरीला मुंबईत.

वहीत जातीचा रकाना कधीही घालू नका. पत्ता पुरेसा आहे आणि खुणा तुमच्या स्वतःच्या कागदावर करा.

इथे मला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या खाडीत येणारं पाणी सावित्रीचं, महाडला वळसा घालून आलेलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या आधीची चार वर्षं फार कमी लोकांना ठाऊक असतात, आणि वाचनालयासाठी सगळा धडा त्या चार वर्षांत आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनं आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं उघडं झालं. पण १९२४ गेलं, १९२५ गेलं, १९२६ही गेलं आणि त्या तळ्यावर कुणी अस्पृश्य माणूस ओंजळ भरू शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कुठे तो ठराव जमिनीवर उतरला. तोही टिकला नाही. सवर्णांनी मारहाण केली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं, आणि पुढे त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

आता तुमच्या दारावरची पाटी वाचा. ‘वाचनालय सर्वांसाठी खुले आहे.’ आमच्याही दारावर तीच होती. महाडचा ठरावही तेच म्हणत होता.

आणखी एक गोष्ट मी सगळ्या ग्रंथपालांना सांगते. संविधानाचं कलम १५ उघडा आणि त्यातला दुसरा खंड वाचा. दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा अशी यादी आहे, आणि पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा जागांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असा तिचा अर्थ आहे. ‘विहिरी, तलाव’ हे शब्द वाचताना मला चवदार तळं दिसतं. आणि ‘अंशतः सरकारी पैशावर’ हे वाचताना आमच्या अनुदानाचा हप्ता दिसतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अनुदान घेणारं प्रत्येक वाचनालय त्या यादीत बसतं. आम्ही हा मजकूर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पाटीच्या जागी लावला.

विचारायला जा

पाटी बदलून माणसं येत नाहीत. जाऊन विचारावं लागतं. मी एका रविवारी बौद्धवाडीत गेले. विहाराच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. “जय भीम” म्हटलं, पाणी मिळालं, मग विषय काढला. मला वाटत होतं, वाचायची सवय नाही, वेळ नाही, असं काही तरी ऐकायला मिळेल. ऐकायला मिळालं ते वेगळंच.

वाचनालयाची वेळ चार ते सात. त्या वेळी बायका काजूच्या कारखान्यातून, बागेतल्या कामावरून घरी येतात, चूल पेटवतात. अनामत रक्कम एका दिवसाच्या मजुरीएवढी. आणि तिसरं कारण एका आजीनं सांगितलं, हळू आवाजात, माझ्याकडे न बघता. आमची इमारत देवळाच्या आवाराला लागून आहे. वाचनालयाची पायरी चढायची तर आधी ते आवार ओलांडावं लागतं. त्या लहान असताना त्यांच्या आईला त्या आवाराबाहेर, करवंदीच्या जाळीपाशी थांबावं लागायचं, हाक मारून काम सांगितलं जायचं. “आता कोण काय बोलत नाय,” आजी म्हणाल्या, “पण पाय उचलत नाय ना.”

मला बारावीतली ती मुलगी आठवली. ती पायरीवर का थांबली होती, ते मला त्या ओट्यावर कळलं.

यावर आम्ही केलं ते असं. मागच्या बाजूनं, रस्त्याला लागून एक दार होतं, जुन्या रद्दीमागे बुजलेलं. रद्दी बाद केली, दार मोकळं केलं, तेच मुख्य दार केलं. आता सगळेच त्या दारानं येतात, देवळाचे पुजारीसुद्धा. ‘त्यांच्यासाठी’ वेगळं दार करू नका, तसलं दार पुन्हा तीच जुनी गोष्ट होते. अनामत विद्यार्थ्यांना आणि महिलांना माफ केली. पुस्तकं बुडतील अशी भीती समितीला होती, म्हणून एक वर्षाची मुदत घेऊन बघू म्हटलं. वर्षभरात जी दोन पुस्तकं परत आली नाहीत ती दोन्ही जुन्या, अनामत भरलेल्या सभासदांकडे होती. गुरुवारी आणि रविवारी वाचनालय रात्री साडेआठपर्यंत उघडं ठेवलं. दोन माणसांच्या मदतीनं जमलं. एकट्यानं जमणार नसेल तर आठवड्यातली एक संध्याकाळ तरी काढा.

कोणती पुस्तकं, कोणत्या फळीवर

महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडरूपानं काढली आहेत. वसंत मून यांच्या संपादनाखाली हे काम सुरू झालं. शासकीय ग्रंथागारात खंड मिळतात, मुंबईत चर्नी रोडला, आणि आकाराच्या मानानं किंमत फार कमी असते. सगळे खंड एका वेळी मिळतीलच असं नाही, म्हणून मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्याकडे यादी देऊन ठेवा. गणपतीला आणि शिमग्याला माणसं येतात तेव्हा दोन-दोन खंड पिशवीतून येतात. आमचा तुटका संच असाच पुरा झाला.

पण इथे एक मोठी अडचण आहे. सुरुवातीचे बहुतेक खंड इंग्रजीत आहेत. गावातला वाचक मोठ्या उमेदीनं पहिला खंड घेतो, दुसऱ्या दिवशी परत आणतो आणि पुन्हा मागत नाही. त्याला वाटतं, आपल्याला बाबासाहेब झेपत नाहीत. दोष खंड हातात देणाऱ्याचा. मराठी वाचकाला आधी अठरावा खंड द्या. तो तीन भागांत आहे, आणि त्यात मराठी भाषणं आहेत. लोकांसमोर उभं राहून, लोकांच्या भाषेत बोललेली. चहा पिता पिता वाचता येतात. त्यांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० ला निघालं, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. त्यांतले अग्रलेख बाबासाहेबांनी मराठीतच लिहिले. त्या गद्याची धार एकदा कानावर पडली की वाचक स्वतःहून पुढचं मागतो.

फळीचा प्रश्न मी अधिक महत्त्वाचा मानते. आपण बाबासाहेबांची सगळी पुस्तकं एका ठिकाणी, ‘चरित्र’ किंवा ‘सामाजिक’ अशा चिठ्ठीखाली लावतो. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनला प्रबंध लिहिला, १९२३ साली तो पुस्तक होऊन निघाला. तो अर्थशास्त्रात हवा, दशांश वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) वापरत असाल तर ३३२ मध्ये. बुद्धाच्या धम्मावरचा ग्रंथ धर्माच्या फळीवर, गीता-ज्ञानेश्वरी-बायबल-कुराणाच्या ओळीत. संविधान सभेतली भाषणं कायद्यात. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, ते सगळं कामगार प्रश्नांत. एकाच फळीवर कोंबलं की फक्त त्यांना मानणारा माणूस त्या फळीपाशी जातो. फळ्यांवर पसरलं की बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा रुपया शोधताना त्यांना भेटतो. संच फुटतोय असं कुणी म्हणालं तर पुठ्ठ्याचा एक तुकडा पुस्तकाच्या मापाचा कापा, त्यावर ‘हा खंड अर्थशास्त्राच्या फळीवर आहे’ असं लिहा आणि संचाच्या जागी उभा करा.

आता त्यांचा एक निबंध घेऊन गावाला कसं बसवायचं, ते सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं या एका कार्यक्रमाला जमली.

१९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय यावर लेख लिहिला. पहिल्या खंडात आहे. कोकणात या विषयाला माणसं जमणार नाहीत असं होईलच कसं? आमच्याकडे अडीच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं असतात. त्यातली दहा माणसं मुंबईत, चार वारलेली, दोघींचा पत्ता नाही, आणि बाग पडीक. मी सूचना लिहिली: ‘आपापला सातबारा घेऊन या.’ जयंती, आंबेडकर, व्याख्यान असला एकही शब्द लिहिला नाही. चाळीसेक माणसं आली. कुणबीवाडीतली, भंडारवाडीतली, बौद्धवाडीतली, मोहल्ल्यातली. सतरंजीवर सातबारे पसरले आणि कुणाच्या उताऱ्यावर किती नावं ते मोठ्यानं वाचत सुटले. सगळ्यात जास्त नावं कुणाची, यावर चढाओढ लागली.

मग हायस्कूलच्या एका निवृत्त शिक्षकांनी लेखाचा सार मराठीत सांगितला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या गुंठ्यांवरून ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि त्यात घातलेलं भांडवल यांच्या मानानं ठरतं. तुकडे जोडत बसून दुखणं जाणार नाही. जमिनीवर ज्यांचा नुसता भार आहे त्यांना दुसरा रोजगार हवा, उद्योग हवेत. ऐकताना माणसं गप्प झाली, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या रोजगारासाठीच परळला, डोंबिवलीला, विरारला गेलेलं. भंडारवाडीतले एक काका शेवटी म्हणाले, “ह्ये आमच्याबद्दल लिहिलंय.” त्या रात्री पहिल्या खंडाच्या पट्टीवर पहिला शिक्का पडला, त्याच शिक्षकांच्या नावावर. आठवड्याभरात त्यांनी निबंधाचं मराठी टिपण हातानं लिहून दिलं. त्याच्या झेरॉक्स प्रती आजही जातात.

तुमच्या गावाचा प्रश्न कोणता ते आधी ओळखा आणि मग बाबासाहेब त्यावर काय म्हणाले ते शोधा. कोकणाला खोतीचा, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या हक्काचा विषय आहेच. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चानं गेले. तिकडे अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला होता, त्यालाही बाबासाहेबांचा पाठिंबा होता. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. खोताच्या जाचात कुणबीही होता, आगरीही होता, महारही होता. ज्यांना वाटतं की आंबेडकर जयंती ‘त्या वाडीची’, त्यांच्या पणजोबांच्या मक्त्याची गोष्ट या विधेयकात आहे. वाचून दाखवा.

पावसाळा

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. बौद्धवाड्यांतल्या विहारांत या तीन महिन्यांत बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचं वाचन चालतं, संध्याकाळी, घरोघरची माणसं जमतात. वाचणाऱ्यापुढे एकच प्रत असते, तीही पानं सुटलेली. वाचनालयानं पाच-सहा प्रती घेऊन त्या तीन महिन्यांसाठी विहाराला एकगठ्ठा द्याव्यात. नेहमीची पंधरा दिवसांची मुदत लावू नका, आश्विनी पौर्णिमेपर्यंतची एकच तारीख टाका. ऐकणाऱ्याच्या मांडीवरही पुस्तक असलं की वाचनात फरक पडतो. पोरं चुका काढायला लागतात, मग त्यांच्याच हातात वाचन येतं.

कोकणातला पाऊस पुस्तकांचा वैरी आहे, तेव्हा प्रती देताना सांभाळण्याची रीतही द्या. भिंतीला लावून ठेवायच्या नाहीत, चार बोटं जागा सोडायची. कपाटात वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला, जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत. पाला ओला असेल तर फायद्यापेक्षा तोटा होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतं आणि बुरशी येते. श्रावणात ऊन पडलं की पुस्तकं उन्हात नव्हे, पडवीच्या सावलीत, पानं मोकळी करून उभी ठेवा. बुरशी दिसली तर बाहेर वाऱ्यावर नेऊन कोरड्या ब्रशनं झटका, ओल्या फडक्यानं पुसू नका.

तारखा

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सगळेच पाळतात. मी तिथे आता फारसं काही करत नाही. वाडीचा स्वतःचा मोठा कार्यक्रम असतो, आम्ही पुस्तकांचं टेबल घेऊन तिकडे जातो, माईकवर जात नाही. वाचनालयानं आपल्या अंगणात घ्यावा असा दिवस म्हणजे २० मार्च. त्या दिवशी आम्ही महाडची सहल काढतो. चवदार तळं, आणि २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली तिथला क्रांतिस्तंभ. जाताना गाडीत मुलांना सांगायचं की मार्च १९२७ ची महाडची परिषद उभी करणारे रामचंद्र बाबाजी मोरे सावित्रीकाठच्या दासगावचे होते, तळं खुलं करण्याच्या बाजूनं उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे सवर्ण घरांतले होते, मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला, आणि डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा एका मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. मोहल्ल्यातली पोरं हे ऐकून ताठ बसतात, मी पाहिलंय.

आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव, आमच्याच तालुक्यात. वणंद, रमाईंचं माहेर, दापोलीजवळ. बालपणीची काही वर्षं बाबासाहेब दापोलीत होते. लष्करातून निवृत्त होऊन त्यांच्याही आधी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारे गोपाळबाबा वलंगकरही दापोलीतच कामाला लागले होते. एवढं सगळं हाताच्या अंतरावर असताना आपण मुलांना फक्त तसबीर दाखवायची?

पत्र्याच्या ट्रंका

शेवटचं काम सगळ्यात हळू चालतं आणि मला सगळ्यात जवळचं आहे. जुन्या माणसांच्या ट्रंका उघडतात तेव्हा तिथे असणं.

पाय उचलत नाही म्हणाल्या होत्या त्याच आजींनी तिसऱ्या वर्षी मला ओटीवर बसवून पत्र्याची ट्रंक उघडली. आतून डांबरगोळ्यांचा वास. वर त्यांची लग्नातली साडी, खाली त्यांच्या सासऱ्यांचे कागद: बाबासाहेबांच्या ‘जनता’ साप्ताहिकाचे घडी घातलेले अंक, घड्यांवर पिवळे पडून तुटू लागलेले, गिरणीतल्या नोकरीचा पास, वाडीतल्या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, प्रत्येकी चार आणे. सासरे मुंबईला गिरणीत होते. वाचायला तिथेच, चाळीच्या दिव्याखाली शिकले. गावी आले की अंक घेऊन येत आणि रात्री वाडीला वाचून दाखवत. त्या वाडीत वाचनालय होतंच की. आमच्या नोंदींत नव्हतं एवढंच.

असे कागद मागू नका. ‘वाचनालयाला देणगी द्या’ हे वाक्य तोंडातून काढू नका. घरची ठेव आहे, घरातच राहू द्या. खिडकीजवळ, उजेडात, जमिनीवर पांढरी चादर अंथरा, एकेक पान न ओढता उलगडा, फोनवर वरून सरळ फोटो घ्या, कोपऱ्यात फूटपट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. तुटत्या घडीला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांनी कागद खाते. फोटोंचा एक संच घरच्यांना पेनड्राइव्हवर, एक छापील प्रत त्यांच्या हातात, मग एक वाचनालयात, तीही त्यांनी हो म्हटलं तरच. आठवणी रेकॉर्ड करायच्या असतील तर आधी विचारा, नाव लावायचं की नाही तेही विचारा, आणि नको म्हटलेला भाग त्यांच्यासमोर पुसा. जात्यावरच्या ओव्या, भीमगीतं म्हणणाऱ्या बायका असतील तर त्यांच्याकडे आधी जा. त्यांच्या वयाला थांबायला वेळ नाही.

समितीतल्या एकांनी मला विचारलं होतं, जुनं कशाला उकरायचं, आता गावात सगळं गुण्यागोविंदानं आहे. मी त्यांना आजींच्या ओटीवर घेऊन गेले. ते तासभर बसले, चहा घेतला. पुढच्या सभेत ट्रंकांच्या कामासाठी हार्ड डिस्क घ्यायचा ठराव त्यांनीच मांडला.

पेटी

ज्या वाडीला वाचनालय लांब पडतं तिथे पेटी पाठवा. आमची पेटी बौद्धवाडीत विहारात, कोळीवाड्यात जेट्टीजवळच्या दुकानात आणि धनगरवाड्यावर अंगणवाडीत महिना-महिना फिरते. पत्र्याची घ्या, लाकडी वाळवी धरते. तीस पुस्तकांहून जास्त भरू नका, दोन माणसांना उचलायची असते. जड खंड तळाला आडवे, वर मुलांची पुस्तकं, गोष्टी, शेतीची, एखादी पाककृतींची, आणि भाषणांचा एक भाग तरी असायलाच हवा. आत दोरीनं बांधलेली वही आणि पेन्सिल: नेणाऱ्यानं नाव आणि तारीख स्वतः लिहायची. पहिल्या महिन्याला वहीत अंगठ्याच्या खुणाही आल्या. नातवंडांकडून वाचून घेणाऱ्या आज्यांच्या आहेत त्या, खोडू नका. पेटी पावसाआधी पोचवा, खाली दोन विटा ठेवा. कुलूप लावू नका, कडी पुरते.